चाळिशी लावून पुस्तपालन: मोठेपणी कॉमर्सला परत जाणाऱ्यांसाठी

चेक बाउन्स होणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपचं अकाउंट्स मी नऊ वर्षं सांभाळत होते. चेक परत आला की बँकेचा मेमो कसा दिसतो, मालकांचा चेहरा कसा होतो, पार्टी फोनवर काय थापा मारते, सगळं पाठ. त्यामुळे व्यापारी कायद्याच्या पेपरात धनादेशाच्या अनादरावर दहा मार्कांचा प्रश्न आला तेव्हा मी खुशीत अडीच पानं लिहिली. पडले तीन. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली तेव्हा कारण कळलं. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याचं नाव मी कुठेच घेतलं नव्हतं. कलम १३८ नव्हतं. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस, हे आकडे नव्हते. होती ती आमच्या वर्कशॉपची गोष्ट, तीही रंगवून सांगितलेली. त्या पेपराला एटीकेटी लागली, म्हणजे तो पुन्हा द्यावा लागणार होता.

मोठेपणी कॉमर्सला परत जाणाऱ्या बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. डोकं चालत नाही, पाठांतर होत नाही, ही भीती उगाच असते. व्यवहार आपल्याला येतोच. परीक्षा मात्र त्या व्यवहाराची तिची स्वतःची भाषा मागते, आणि ती भाषा एकतर आपण विसरलेलो असतो किंवा कधी शिकलेलोच नसतो. पुढे जे लिहिलंय ते बरंचसं या भाषेबद्दल आहे. उरलेलं कागदपत्रं आणि कॅलेंडर याबद्दल, कारण मोठी माणसं नापास होण्याआधी तिथेच गळतात.

माझं थोडक्यात सांगते. २००० साली बारावी कॉमर्स, एफवाय पास, एसवायला असताना लग्न. २०२२ मध्ये मुक्त शिक्षणातून बी.कॉम.ला पुन्हा पहिल्या वर्षापासून नाव घातलं. तीन वर्षांचं काम साडेतीन वर्षांत झालं.

कुठली पदवी आणि कशासाठी

माहितीपत्रक उघडण्याआधी एका कागदावर एकच ओळ लिहा: ही पदवी मिळाल्यावर मी ती कुणाला दाखवणार? ऑफिसात बढतीसाठी दाखवायची असेल तर तिथल्या नियमात नेमकं काय लिहिलंय ते वाचा. बऱ्याच ठिकाणी 'मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी' एवढंच असतं. मग सगळ्यात सोपं पडेल ते निवडावं. अकाउंट्समध्येच पुढे जायचं असेल तर बी.कॉम. बरं. कॉमर्स पदवीधराला जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करता येते, तिची परीक्षा वेगळी असते. पदवीला ५५ टक्के मिळाले तर सीएची फाउंडेशन परीक्षा न देता थेट इंटरमीडिएटला जाता येतं. चाळिशीत सीए व्हाच असं माझं म्हणणं नाही, पण ५५ आणि ५३ यांतला फरक आधी माहीत असलेला चांगला.

नेहमीच्या कॉलेजात बीबीए करायचं मनात असेल तर एक बदल लक्षात घ्या. २०२४ पासून बीबीए, बीएमएससारखे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या अखत्यारीत आले आणि महाराष्ट्रात त्यांना सीईटी लागली. बी.कॉम.ला ती भानगड नाही. एमबीएला पदवीला ५० टक्के लागतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गाला ४५, आणि नियमित प्रवेशाला सीईटी. माझं मत विचाराल तर हाताखाली माणसं असतील, निर्णय घ्यायचे असतील, तर एमबीए कामाचं. नुसतं नावापुढे लावायला करायचं असेल तर पैसा आणि रविवार दोन्ही वाया जातात.

बारावीच राहिली असेल तर आधी ती. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, किंवा एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून देता येते. त्यात एक वर्ष जातं आणि अभ्यासाची सवय परत येते, हा फायदाच.

कुठे

आपल्याकडे पर्याय चांगले आहेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, मराठी माध्यम आहे, अभ्यासकेंद्रं तालुक्यातालुक्यांत पोचलेली आहेत. इग्नू हे देशपातळीवरचं मुक्त विद्यापीठ १९८५ पासून. मुंबई, पुणे, नागपूर आणि गोव्यासाठी पणजी इथे तिची प्रादेशिक केंद्रं आहेत. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण १९७१ पासूनचं. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेल्या एसएनडीटीतही बायकांना दूरस्थ शिकता येतं. मुंबईत असाल आणि वर्गात बसूनच शिकायचं असेल तर सकाळी सातला भरणारी कॉमर्सची कॉलेजं आहेत. अकराच्या आत सुटून ऑफिस गाठणाऱ्यांच्या पिढ्या तिथून बाहेर पडल्यात.

दूरस्थ पदवीला किंमत नाही, असं सांगणारा एखादा काका प्रत्येक घरात असतो. त्यांना सांगा, मान्यता असलेल्या संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरायची, हे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. खरा प्रश्न मान्यतेचा आहे. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर संस्थांची आणि अभ्यासक्रमांची यादी असते. ज्या सत्रात प्रवेश घेताय त्याच सत्राची यादी उघडा, मागच्या वर्षीची नको. विद्यापीठाचं नाव असून भागत नाही, तुमचा अभ्यासक्रमही त्यात हवा. 'एका वर्षात पदवी, जुन्या तारखेची मार्कशीट' असं कुणी फोनवर सांगितलं तर फोन ठेवून द्या. नोकरीत पडताळणी निघाली की पदवीही जाते आणि नोकरीही.

कागदपत्रांचं लग्न लावणं

यात मला सव्वा महिना गेला, म्हणून इथे जरा थांबते.

मार्कशीटवर माझं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि पॅनवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग भलतंच. लग्न झालेल्या बहुतेक बायकांची ही स्थिती असते. प्रवेशअर्जावर नाव शक्यतो शेवटच्या मार्कशीटप्रमाणे जातं आणि ओळख पटवायला आधार लागतं, म्हणजे दोघांना जोडणारा कागद हवा. विवाह नोंदणीचा दाखला पुष्कळ ठिकाणी चालतो. नाही चाललं तर शासनाच्या राजपत्रात नाव बदलाची जाहिरात द्यावी लागते. ती ऑनलाइन भरता येते, पण छापून यायला वेळ लागतो. तेव्हा हे काम प्रवेश सुरू व्हायच्या दोन महिने आधी काढा.

माझ्या वेळी नव्हतं ते एक काम आता वाढलंय. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या नणंदेने नाव घातलं, तेव्हा तिच्याबरोबर मीही शिकले. क्रम असा: आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा, त्यावर डिजिलॉकर, त्यातून एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिट बँकेचं खातं, मग तो देऊन यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा डीईबी आयडी, आणि शेवटी विद्यापीठाचा अर्ज. २०२४-२५ च्या प्रवेशांपासून दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाला डीईबी आयडी लागतोच. हिच्या आधारला जोडलेला नंबर बारा वर्षांपूर्वीचा, त्या सिमचा पत्ता नाही. ओटीपी येणार कुठून? मग आधार केंद्रावर रांग. प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात हे कळलं असतं तर सहा महिने बुडाले असते.

बाकीची यादी छोटी आहे. दहावी-बारावीची मार्कशीट आणि प्रमाणपत्रं, जुन्या कॉलेजचा सोडल्याचा दाखला, विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन, आणि मधल्या वर्षांसाठी गॅपचं पत्र. ते साधं स्वयंघोषणापत्र चालतं की नोटरीकडचं लागतं, हे केंद्रावर विचारूनच करा. दाखला हरवला असेल तर जुन्या कॉलेजात स्वतः जा, फोनवर काही होत नाही. मी गेले तेव्हा खिडकीपलीकडच्या क्लार्कबाईंनी २००१ चं रजिस्टर काढलं आणि माझ्या नावापुढे माझ्याच अक्षरातली सही दाखवली. किती गोल सही करायचे मी!

सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असाल तर प्रवेशाआधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. नंतर सेवापुस्तकात पदवीची नोंद करताना तीच पहिली विचारतात.

पैशांचं एकच सांगते. शिक्षणकर्ज काढलंत तर व्याजाची वजावट जुन्या करपद्धतीत मिळते, स्वतःच्या शिक्षणालाही मिळते. शाळा-कॉलेजच्या फीची वजावट मात्र फक्त मुलांच्या फीला आहे, स्वतःच्या नाही. आमच्या ऑफिसात एकाने स्वतःची फी दाखवली होती, त्याचा हिशेब मलाच दुरुस्त करावा लागला.

कालनिर्णयावर अभ्यास

श्रेयांकांचं, म्हणजे क्रेडिट्सचं, गणित आधी बघा. एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. सत्राला २० श्रेयांक धरले तर ६०० तास. २६ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला २३ तास. हे कागदावरचं झालं. नोकरी, डबे, मुलाची दहावी आणि सासऱ्यांचं डायलिसिस यांतून माझे निघाले सव्वादहा: सोमवार ते शुक्रवार पहाटे पाच ते सव्वासहा, आणि रविवारी दुपारी चार तास. हिशेब करून सांगतेय. एवढ्यात पास होता येतं, अट एकच, की ते दर आठवड्याला व्हावेत. दोन आठवडे शून्य आणि तिसऱ्या आठवड्यात तीस, हे विशीत चालायचं. आता पाठ धरते.

अकाउंट्सवाल्यांनी महिन्याचा आकार ओळखावा. सात तारखेला टीडीएस, अकराला जीएसटीआर-१, पंधराला पीएफ-ईएसआय, वीसला जीएसटीचंच थ्रीबी, अशा भरण्याच्या मुदती. म्हणजे पहिले वीस दिवस डोकं ऑफिसात. एकवीस ते महिनाअखेर हे आपले सोन्याचे दिवस. अवघड विषय, नवा धडा, स्वाध्याय लिहिणं, सगळं त्यात. पहिल्या वीस दिवसांत फक्त उजळणी आणि सोडवलेली गणितं पुन्हा सोडवणं. मार्चमध्ये नवीन काही शिकायला घेऊच नका.

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यावर दुधाचे खाडे, गॅस कधी लावला, सगळं लिहितात. मी परीक्षेच्या आणि स्वाध्यायांच्या तारखा लाल पेनाने तिथेच लिहिल्या. मोबाइलच्या कॅलेंडरात लिहिलेलं फक्त मला दिसलं असतं. भिंतीवरचं सासूबाईंनाही दिसलं. गौरी-गणपतीच्या खरेदीची तारीख त्यांनीच एकदा आपणहून पुढे ढकलली. म्हणाल्या, "तुझं ते लाल काय लिहिलंय त्या दिवशी, काय आहे ते?"

घरच्यांशी बोलताना 'मला सपोर्ट करा' म्हणून काही होत नाही. कामाचं नाव घेऊन मागा. "अहो, परीक्षेच्या महिन्यात सकाळचा डबा तुमच्याकडे" असं म्हटलं की होतं. पहिले चार दिवस पोह्यांचाच डबा जातो, जाऊ द्या.

पुस्तपालन: हे वाचायचं नसतं

आता मुख्य विषय. पहिलं काम, बालभारतीचं अकरावीचं 'पुस्तपालन आणि लेखाकर्म' काढा. ई-बालभारतीवर फुकट आहे. पदवीचं पुस्तक उघडायच्या आधी यातली रोजकीर्द (व्यवहारांच्या रोजच्या नोंदी), खतावणी (त्याच खातेवार मांडणं), तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाक्यांचा तक्ता) आणि घसारा (वापराने वस्तूची घटणारी किंमत) एवढी प्रकरणं पेन्सिलीने सोडवा. लाज वाटण्याचं कारण नाही. माझ्या मुलाचे मित्र घरी आले की मी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून ठेवायचे, तो मूर्खपणा होता.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना एक धक्का बसतो, तो आधीच बसवून घ्या. एफ-५ दाबलं की पेमेंट, एफ-७ ला जर्नल, आकडा टाकला की खतावणी, तेरीज, ताळेबंद आतल्या आत तयार होतं. नऊ वर्षांत मी एकदाही हाताने खतावणी केली नव्हती. परीक्षेत कोऱ्या पानावर पट्टीने रकाने आखून नावे (डेबिट) कुठे, जमा (क्रेडिट) कुठे, 'पुढे नेलेली बाकी' कुठे, हे हाताला यावं लागतं. त्याला वाचन उपयोगाचं नाही. सोडवलेलं उदाहरण डोळ्यांनी वाचलं की सगळं समजल्यासारखं वाटतं. पुस्तक मिटून तेच पुन्हा मांडायला घेतलं की तिसऱ्या नोंदीला अडायला होतं.

तीन नियम पुन्हा घोका. वैयक्तिक खात्याला: घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. वास्तव, म्हणजे रोख-मालमत्तेच्या खात्याला: येईल ते नावे, जाईल ते जमा. नामधारीला: खर्च-तोटे नावे, उत्पन्न-नफे जमा. आता दोन नोंदी बघा, जिथे आपल्यासारखे अनुभवी लोक हमखास चुकतात.

पहिली: 'रमेशला भाड्यापोटी रोख ६,००० दिले.' दुकानाच्या वहीत आपण माणसाचं नाव लिहितो, म्हणून हात आपोआप रमेशच्या नावे जातो. बरोबर नोंद आहे भाडे खाते नावे ६,०००, रोख खाते जमा ६,०००. रमेशकडून इथे काही येणं राहिलेलं नाही. पैसा भाड्यावर खर्च झालाय, तेव्हा नामधारी खात्याचा नियम लागतो.

दुसरी जास्त मजेची: 'मालकाने स्वतःच्या वापरासाठी २,००० रुपयांचा माल नेला.' खऱ्या दुकानात ही नोंद कोण करतं? मालक दिवाळीला गोडाऊनमधून दोन डबे उचलून गाडीत टाकतात आणि आपण दुसरीकडे बघतो. पुस्तकात मात्र धंदा वेगळा आणि मालक वेगळा. उचल खाते नावे २,०००, खरेदी खाते जमा २,०००. विक्री खात्याला जमा करायचं नाही, कारण विक्री झालेलीच नाही. ही एक नोंद नीट कळली की भांडवल ताळेबंदात देण्याच्या बाजूला का बसतं तेही उलगडतं: मालकाने घातलेला पैसा म्हणजे धंद्याने मालकाला द्यायचं असलेलं देणं. मला हे टॅलीच्या नऊ वर्षांत कळलं नव्हतं.

घसाऱ्यातही आकड्यांचा हात बसवा. ८०,००० चं यंत्र, १० टक्के. स्थिर प्रभाग पद्धतीने दर वर्षी ८,०००. ऱ्हासमान शेष पद्धतीने पहिल्या वर्षी ८,०००, दुसऱ्या वर्षी उरलेल्या ७२,००० वर ७,२००, तिसऱ्या वर्षी ६,४८०. यंत्र १ ऑक्टोबरला घेतलं असेल आणि वर्ष मार्चअखेर संपत असेल तर पहिल्या वर्षी सहाच महिन्यांचा घसारा. पेपर काढणारे इथेच सापळा लावतात, आणि घाईत तारखेकडे दुर्लक्ष झालं की पुढचे सगळे आकडे चुकतात.

कॉस्टिंगला अनुभव खरोखर उपयोगी पडतो. आमच्या सोसायटीतल्या एक बाई भाजणी विकतात, मी त्यांचंच उदाहरण घेऊन ब्रेक-इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा कुठे होतो ते, शिकले. किलोला २४० रुपये भाव, सामान-दळण-पिशवी धरून १८० खर्च. किलोमागे उरले ६०. जागेचं भाडं आणि मदतनीस मुलीचा पगार मिळून महिन्याला ९,०००. भागिले ६०, म्हणजे १५० किलो विकले की खर्च निघाला, त्याच्या पुढचा प्रत्येक किलो ६० रुपये नफा. बाई दर महिन्याला १३० किलो विकत होत्या आणि 'धंदा बरा चाललाय' म्हणत होत्या. सूत्र पाठ करण्यापेक्षा असा एक ओळखीचा धंदा डोक्यात ठेवा. पण पेपरात लिहिताना आधी सूत्र, मग मांडणी, मग उत्तर एककासह. भाजणीवाल्या बाईंची गोष्ट लिहिलीत तर तीन मार्क.

जुन्या नोट्सची रद्दी

माळ्यावरच्या ट्रंकेत माझ्या एसवायच्या नोट्स निघाल्या. सुरेख अक्षर आणि बहुतेक मजकूर बाद. त्यात विक्रीकर होता. पुढे २००५ मध्ये व्हॅट आला, १ जुलै २०१७ पासून जीएसटी, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दरही बदलले. १९५६ च्या कंपनी कायद्याजागी २०१३ चा आला, ग्राहक संरक्षणाचा २०१९ मध्ये नवा झाला, आयकराचा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून. तेव्हा कायदा आणि कर या विषयांना सेकंडहँड पुस्तक घेऊ नका, भावाचं-बहिणीचं जुनं तर नकोच. आणि तुमच्या अभ्यासक्रमात कुठल्या सालापर्यंतचा कायदा धरलाय ते विचारून घ्या, अभ्याससाहित्य कधीकधी कायद्याच्या मागे असतं. व्यवस्थापन, अर्थशास्त्र, गणित यांना जुनं पुस्तक चालतं. मागणीचा नियम काही बदललेला नाही.

फुकट साहित्य भरपूर आहे: इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोशवर, 'स्वयम्' या सरकारी पोर्टलवर व्हिडिओ, आणि सराव-गणितांसाठी सीए संस्थेचं फाउंडेशनचं साहित्य. सगळं डाउनलोड करून ठेवण्याचा मोह आवरा. माझ्या मोबाइलमध्ये एका वेळी ६४ पीडीएफ होत्या, उघडलेल्या चार.

माध्यमाबद्दल: मराठीतून लिहिणार असाल तरी प्रत्येक संज्ञेचा इंग्रजी शब्द शेजारी देवनागरीत लिहून वही करा. 'तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स, ऋणको म्हणजे डेटर.' ऑफिसात एक शब्द चालतो आणि पेपरात दुसरा, त्यामुळे ही वही आपल्याला तरुण पोरांपेक्षा जास्त लागते.

स्वाध्याय आणि पोचपावती

दूरस्थ शिक्षणात अंतर्गत गुण फुकटचे वाटतात आणि तिथेच घात होतो. इग्नूत साधारण ३० टक्के भार स्वाध्यायांवर असतो. मुदतीत दिले नाहीत तर पेपर कितीही चांगला जावो, विषय अडकतो. माझ्या केंद्रावर एकदा माझा गठ्ठाच गहाळ झाला. निकालात दोन विषयांपुढे गैरहजर. मी देताना प्रत्येक पानाचा फोटो काढला होता आणि वहीत शिक्क्यासह पोच घेतली होती. शिक्का बघितल्यावर तिथल्या बाबाने कपाटामागून गठ्ठा काढला. पोच नसती तर मी खोटी ठरले असते. ऑनलाइन सादर करताना शेवटच्या रात्री बसू नका, आणि 'सादर झाले' या पानाचा फोटो काढा.

उत्तरं नेटवरून उतरवू नका. कारण नीतीचं नाही, साधं आहे: स्वाध्याय हाताने लिहिणं हाच परीक्षेचा एकमेव खरा सराव असतो.

पोरांमध्ये बसताना

संपर्कसत्रात पहिल्या दिवशी एका मुलाने मला उठून जागा दिली. त्याला वाटलं मी मॅडम. नंतर ताई, मग काकू, मग ग्रुपवर 'काकूंना विचारा'. हा ग्रुप सोडू नका. परीक्षेची तारीख बदलल्याचं केंद्राच्या फलकाआधी तिथे कळतं. त्यांनी मला प्रेझेंटेशन करायला शिकवलं, मी त्यांना खरं बिल, खरं चलन, खरी बँक जुळवणी दाखवली. फक्त वर्गात प्रत्येक मुद्द्याला "आमच्या कंपनीत असं नसतं" म्हणणं टाळा. मी पहिले दोन रविवार ते केलं. तिसऱ्या रविवारी सर म्हणाले, "ताई, तुमच्या कंपनीचा पेपर मी काढत नाही."

तीन तास हाताने

आपण हाताने लिहायचं सोडलंय, सहीपुरतं उरलंय. पहिल्या सराव पेपराला पाऊण तासात माझं मनगट गळून गेलं. परीक्षेच्या दोन महिने आधीपासून रोज दोन पानं लिहा, शेवटच्या महिन्यात दर रविवारी पूर्ण तीन तास घड्याळ लावून. पेन बदलून बघा, जेल पेनाने माझा हात कमी दुखला.

वस्तूंची यादी: हॉलतिकिटाच्या दोन प्रती, ओळखपत्र, पट्टी, दोन पेन्सिली, आणि साधा बारा अंकी कॅल्क्युलेटर. मोबाइलचा चालत नाही. एम-प्लस आणि जीटीची बटणं कशी चालतात ते घरी शिकून जा. लांब बेरजेत मध्येच चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून करण्यात दहा मिनिटं जातात. आणि चाळिशी, तीही जादाची एक. माझ्या मागच्या बाकावरच्या गृहस्थांचा चष्मा पेपराच्या सकाळी रिक्षात राहिला. सुपरवायझर सरांनी स्वतःचा काढून दिला. नंबर जवळपास जुळला हे नशीब.

पेपरात पहिलं गणित असं घ्या जे शंभर टक्के येतं. ताळेबंद जुळला नाही तर दोन मिनिटं शोधा, मग सोडा. मांडणीला आणि समायोजनांना मार्क असतात. ऑफिसची सवय म्हणून फरकाचा एक रुपया शोधत बसलात तर शेवटचा प्रश्न राहतो. थिअरीच्या उत्तरात पहिल्या दोन ओळींत व्याख्या किंवा कायद्याचं नाव-साल-कलम, मग मुद्दे, आणि शेवटी जागा उरली तरच आपला अनुभव, दोन ओळी. एटीकेटीच्या पेपराला मी हेच केलं. धनादेशाचा प्रश्न पुन्हा आलाच होता.

निकाल लागल्यावर

मार्क अनपेक्षित कमी वाटले तर झेरॉक्स आणि पुनर्मूल्यांकनाची मुदत थोड्याच दिवसांची असते, रुसून बसू नका. एखादं सत्र घरच्या अडचणीने सोडावं लागलं तर क्रेडिट बँकेत जमा झालेले श्रेयांक साधारण सात वर्षं टिकतात. आमच्या पिढीला ही सोय असती तर माझं एफवाय वाया गेलं नसतं.

पास झाल्यावर पदवी प्रमाणपत्र आपोआप घरी येतं असं समजू नका. दीक्षान्त समारंभाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, त्याची फी वेगळी, आणि त्यावर नाव जसं भराल तसं छापून येतं. तोवर तात्पुरतं प्रमाणपत्र काढून त्याच्या चार साक्षांकित प्रती ठेवा. ऑफिसच्या एचआरला किंवा आस्थापना शाखेला एक प्रत अर्जासोबत द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. मी दिली तेव्हा आमच्या मालकांनी कागद वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, "म्हणजे आता ते दिवाळीचे डबे लिहावे लागणार का?"